खिंड मोकळी आहे

आर्की खोरं,
१ एप्रिल १९८६

प्रिय लॉर्न,

परवा ईस्टर झाला आणि आज सकाळी नऊ वाजता माझ्या पर्जन्यमापकात पाणी नव्हतं, बर्फाचा गोळा होता. तो चुलीपाशी आणून वितळवला, मोजला आणि वहीत लिहिला. एप्रिल लागला असं फक्त कॅलेंडर म्हणतंय.

माझ्या पाहुणघरात चार दिवस सहा माणसं कोंडून होती. सगळे डोंगर चढायला आलेले, आणि कुणी शेळ्यांच्या गोठ्यापलीकडे गेला नाही. दिवसभर पत्ते. चुलीवर मोज्यांची रांग, त्यांचा वास सातूच्या सूपमध्येही यायला लागला होता. खालच्या पर्थ शहरातून आलेले एक दंतवैद्य रोज सकाळी पडदा सरकवायचे आणि माझ्याकडे असं बघायचे, जसं काही हवामान मीच शिजवते.

"बाई, तुमच्याकडे वसंत येतो तरी कधी?"

"मागच्या वर्षी गुरुवारी आला होता," मी म्हणाले. "तुम्ही शुक्रवारी आलात."

हसले, पण रागानंच. जाताना त्यांनी दारातून खिंडीकडे मूठ उगारली. वर्षभरात मिळालेले चार दिवस असे जातात तेव्हा माणूस डोंगरावर सूड उगवायला आल्यासारखा परत येतो. याची मला भीती वाटते. थंडीत लोक जपून वागतात. जे मरतात ते बहुतेक एप्रिल-मेमध्ये, कंटाळून.

हेक्टरनं टपालाबरोबर तुझी बातमी आणली. गोदी बंद होणार आणि तू नॉर्वेला, तीन वर्षांसाठी! हे मला हेक्टरकडून कळावं? त्याला त्याच्या मेहुण्याकडून कळलं. मी रागावलेली नाही. हे वाक्य लिहून मी दोनदा वाचलं. खरं म्हणजे थोडी रागावले आहे.

आई गेल्यापासून तू इथे आलेला नाहीस. जाण्याआधी ये.

तुझी,
ऊना

ता. क. जानेवारीत फुटलेला थर्मामीटर अजून तसाच आहे. पारा कधीपासून हरवलाय, आणि मी 'थंड', 'फार थंड' असं लिहिते. लाज वाटते.


ग्रीनॉक,
९ एप्रिल

मास्तरीणबाई,

दोषी आहे, मान्य. तुला फोन करायचा तर तुझ्याकडे फोन नाही, पत्र लिहायचं तर वाईट बातमी अक्षरात फार ठसठशीत दिसते. निघायचं नऊ मेला. जहाजबांधणीचंच काम आहे, पगार बरा, अंधार जास्त. तू म्हणशील अंधाराची तुला सवय आहेच.

इकडे आमचीही तीच रड. दर रविवारी आम्ही अकराजण सरोवराकाठच्या चहाच्या गाडीपाशी जमतो आणि मोटरसायकली घरी ठेवून बसनं येतो. बर्फ वितळायला रस्त्यावर अजून मीठ टाकतायत. एकदा मीठ लागलं की वर्षभरात नळ्या गंजतात. आमच्यातल्या बॉइडनं हिवाळाभर गाडी इतकी पुसली की मी त्याला म्हटलं, "अरे, थांब. निम्मी गाडी फडक्यातच आली असेल."

तो म्हणतो, "तू बोलू नकोस. तुझी गाडी पुसायला जाशील तर उरायचं काही नाही, सगळा गंजच आहे."

मागच्या रविवारी ऊन पडलं म्हणून आम्ही दोघं निघालो. बारा मैलांवर गारा. बोटं इतकी बधिर, की ब्रेक दाबलाय की नुसता धरलाय तेच कळेना. परत येऊन बॉइड त्याच्या आईच्या चुलीत हात घालायला निघाला होता.

तर ऐक. मेच्या पहिल्या सोमवारची सुट्टी जोडून येतो. शनिवारी तीन तारखेला निघून सोमवारी परत, बॉइडही बरोबर. बर्फ पडलं की लावतात ते घाटाचं फाटक उघडं असेल तर घाटरस्त्यानं सरळ तुझ्या दारात. तेव्हाही घाट बंदच असला तर आपली जुनी वाट आहेच. गाडी उत्तरेला हमरस्त्यावरच्या लाकूडगिरणीत ठेवायची आणि खिंडीतून पायी. म्हणून विचारतो, खिंडीत बर्फ किती? वहीत बघून सांग, मनातलं सांगू नकोस. तुझं मन मला बोलावतंय, ते मला माहीत आहे.

तुझ्यासाठी एक वस्तू घेतली आहे. ओळखू नकोस.

लॉर्न


आर्की खोरं,
२१ एप्रिल

प्रिय लॉर्न,

वितळलं! शुक्रवारपासून दक्षिणेचा वारा आहे आणि ओढा रात्रंदिवस बोलतोय. आज सकाळी घराच्या पायरीवर बसून चहा प्यायले, अंगात फक्त दोन स्वेटर.

विचारलंस म्हणून लिहिते. वहीतली आजची नोंद: "खिंड मोकळी." वरच्या दगडी राशीपर्यंत काळी माती आणि पिवळं गवत दिसतंय. डावीकडे एक पांढरा पट्टा आहे, रुमालाएवढा. बाबांच्या दुर्बिणीतून पाहिलं. मनातलं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं लिहिते आहे.

आज मी बर्फकुऱ्हाड तेल लावून माळ्यावर टाकली. आईचा नियम होता ना, कोकिळा ऐकू आली की कुऱ्हाड वर. कोकिळा अजून ऐकली नाही, पण मला थांबवेना.

कालपासून रस्ता-खात्यानंही हिवाळा संपवला. बर्फ हटवणाऱ्या गाडीचं पातं काढून यार्डात ठेवलं आणि तीच गाडी आता खडी वाहायला लावली. हेक्टर चिडलाय. "एप्रिलच्या वीस तारखेला दरवर्षी काढतात. वर बर्फ असो नाहीतर बर्फाचं अस्वल असो, कागदावर उन्हाळा लागतो." टपालगाडी कायम त्या पात्याच्या मागून येते, त्यामुळे त्याचं चिडणं मी समजू शकते.

कोकराचं मांस सांगून ठेवलंय. बॉइड काय खातो? आणि येताना नेहमीसारखा वाटेचा कागद पाठव, रस्त्यानं येणार असलास तरी. तू कधी, कुठून, किती वाजता हे माझ्या हातात असलं म्हणजे मला झोप लागते. बाबांनी एवढी एकच शिस्त लावली, ती तरी पाळू.

ये. मी दिवस मोजत नाही असं लिहिणार होते. मोजते आहे. बारा.

ऊना


ग्रीनॉक,
३० एप्रिल, बुधवार

ऊना,

हा वसंत म्हणजे आपली थट्टा आहे. काल रेडिओवर ऐकलं, तुझ्या घाटावर पुन्हा बर्फ आणि फाटक बंद. बॉइडनं ते ऐकून गाडीवर पुन्हा घोंगडी टाकली. "माझी गाडी लग्नाच्या नवरीसारखी झाली आहे," म्हणाला, "तुझ्या बहिणीला भेटायला मी तिला मिठात घालणार नाही. तूही घरी बस." मी म्हटलं, "तू बस. तुझी नवरी आहे. माझी गाडी म्हातारी बायको आहे, तिला सगळं चालतं." भांडलोच थोडेसे. शेवटी तो म्हणाला, "तू जाणार नाहीसच, मला माहीत आहे," आणि मी त्याला तसंच वाटू दिलं.

मी येतो आहे. दोन महिने नुसता खिडकीतून पाऊस बघून डोकं फिरायची वेळ आली आहे. आणि नऊला जायचं. आता नाही तर तीन वर्षं नाही.

हमरस्ता उघडा आहे, म्हणून खिंडीतून. हा तुझा कागद:

शनिवार ३ मे. सकाळी दहाला लाकूडगिरणीतून पायी निघणार. एकला निवाऱ्याच्या झोपडीत. पाचला खिंडीतल्या दगडी राशीपाशी. सातला तुझ्या दारात. आठपर्यंत आलो नाही तर पुलापाशी जाऊन तिथल्या सार्वजनिक फोनवरून बचावपथकाला कळव. एकटा आहे.

बर्फकुऱ्हाड आणत नाही. मोटरसायकलवर बांधली की पाठीत टोचते, आणि तू लिहिलंसच की खिंड मोकळी. कालचं ताजं बर्फ दोन दिवसांत जाईल. तुझी वही माझ्या माहितीत एकदाच चुकली, तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस.

हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. फाटक बंद असलं तरी हेक्टर पात्यामागून येतोच, एवढं बर्फ पडल्यावर पातं परत लावलंच असेल, गेल्या वीस वर्षांत एकदाही चुकला नाही. मग असं कर. पाचला राशीपाशी ये, लहानपणी बाबांना घ्यायला यायचो तसं. गरम चहा आण. तू दिसलीस की मी ओरडेन, तू ओरडू नकोस, तुला शोभत नाही.

लॉर्न


आर्की खोरं,
१ मे, गुरुवार

प्रिय लॉर्न,

मंगळवारी दुपारपासून फाटक बंद आहे. वीस सेंटिमीटर. पातं यार्डात, गाडी कुठेतरी खडी टाकतेय, म्हणून टपाल नाही. हे पत्र कधी निघेल माहीत नाही, तरी लिहिते, कारण एक गोष्ट मला टोचते आहे.

एकवीस तारखेला मी तुला लिहिलं, "खिंड मोकळी." रात्री ती नोंद पुन्हा वाचली. मी जे पाहिलं ते खरं होतं. पण मला फक्त दक्षिणेकडची बाजू दिसते, जिच्यावर दिवसभर ऊन असतं. राशीपलीकडची उत्तरेची भिंत इथून दिसतच नाही. तिथे दरवर्षी जूनपर्यंत बर्फ असतं, कडेला बर्फाचा पुढे आलेला छज्जा असतो. हे मला सेहेचाळीस वर्षं माहीत आहे. मग मी 'माझ्या बाजूनं' हे दोन शब्द का लिहिले नाहीत? घाई म्हणून, की ते लिहिले असते तर तू आला नसतास म्हणून? मी प्रामाणिकपणे विचार केला आणि मला उत्तर नक्की सांगता येत नाही.

शनिवारपर्यंत फाटक उघडेल आणि तू रस्त्यानंच येशील, तेव्हा काही बिघडलं नाही. तरी दुरुस्ती वहीत लाल शाईनं केली आहे.

३ मे, शनिवार, रात्री

अजून टपाल नाही. फाटक बंदच. म्हणजे तू आला नाहीस; एवढ्या ताज्या बर्फात खिंडीचीही वाट धरली नसशील, शहाण्यासारखा घरी बसला असशील. तरी मी कोकराचं मांस शिजवलं आणि चहाबरोबरचे स्कोन-पाव भाजले. उगीच.

घराजवळचं बर्फ उतरणीला लागलंय. साडेसहाला हरणं मोजायला दुर्बीण काढली. खालच्या कुरणात एकोणीस. वर, राशीला टेकून, एक काळा ठिपका. दहा मिनिटं पाहिला, हलला नाही. क्षणभर वाटलं माणूस आहे. पण माणूस असता तर खाली आला असता. राशीपासून माझ्या दारापर्यंत लहान मूलही उतरेल. मग ढग खाली आला. "एक हरीण, बसलेलं," अशी नोंद केली.

४ मे

दिवसभर ढग. खिंड नाही, ओढाही नाही, फक्त अंगण. हरीण राशीपाशी का बसेल? तिथे सगळा वारा तोंडावर येतो. हरणं आडोसा धरतात. दुपारी कोट घालून ओढ्याच्या पुलापर्यंत गेले. मग वाटलं, एका हरणासाठी या वयात ढगात शिरायचं? परतले. स्वतःचंच हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

५ मे

सकाळी ढग तासभर उठला. ठिपका तिथेच. त्याच्यावर दोन डोमकावळे फिरत होते. म्हणजे हरीण मेलं. हिवाळा असा लांबला की मेच्या सुरुवातीला अशक्त हरणं उभ्या उभ्या जातात, दरवर्षी दोन-चार तरी. नोंद केली.



८ मे, गुरुवार, सकाळी

लॉर्न, हेक्टरची गाडी वळणावर दिसते आहे! आठ दिवसांनी. उद्या तू निघणार, हे पत्र तुला गाठणार नाही, नॉर्वेचा पत्ता कळव. त्याच्या हातात तुझं पत्र नक्की असणार. आधी हे बंद करून त्याच्या हातात देते, मग तुझं निवांत उघडते.

ऊना


ग्रीनॉक,
६ मे

ऊनाबाई,

आपली ओळख फक्त लॉर्नच्या गप्पांतली. मी बॉइड, त्याच्याबरोबर गाडी चालवतो. किंवा यंदा चालवत नाही.

त्याला सांगा, मंगळवार उजाडला. तुमच्या चुलीपाशी बसून खाणं पुरे झालं म्हणावं, त्याची खोली रिकामी करायची आहे आणि घरमालकीण माझ्या नावानं ओरडते आहे. शनिवारी पहाटे शेजाऱ्यांनी त्याची गाडी जाताना ऐकली. आमचं भांडण झालं होतं. मला वाटलं तो जाणार नाही. थट्टा राहू दे, त्याला म्हणावं मी चिडलेलो नाही.

आज लाकूडगिरणीत फोन केला होता. ते म्हणतात गाडी शनिवारपासून छपरात उभी आहे, हेल्मेटमध्ये किल्ली. त्यांना वाटलं तो तुमच्याकडे आहे. तो आहे ना तुमच्याकडे? असणारच. मीही तसंच धरतो. फाटक उघडलं की उत्तर पाठवा, एक ओळ पुरे.

बॉइड


आर्की खोरं,
१५ मे

प्रिय बॉइड,

पोलिसांनी तुम्हाला कळवलं आहे. तुम्ही एक ओळ मागितली होती. माझ्याकडे जास्त आहेत, आणि त्या तुम्हाला मिळायला हव्यात, कारण भांडणाचा दोष तुम्ही स्वतःकडे घेतला असेल. तो तुमचा नाही.

मागच्या गुरुवारी हेक्टरनं मला दोन पत्रं दिली. लॉर्नचं आधी उघडलं. 'पाचला राशीपाशी ये' इथपर्यंत वाचलं आणि दारातून निघाले. हेक्टर मागून ओरडत होता, "ऊना, निदान बूट तरी बदल!" मग तोही गाडी तशीच सोडून आला. राशीपर्यंत दीड तास. आमच्या बाजूनं बुटाला बर्फ लागलं नाही.

तो राशीला पाठ टेकून बसला होता, तोंड माझ्या घराकडे. डावा पाय गुडघ्याखाली मोडलेला. दुसऱ्या बाजूनं आलेल्या बचावपथकानं त्याचा माग पाहिला. भिंतीवरून तो एकदा घसरला, आणि त्या पायानं, हातांनी बर्फात खाचा करत पुन्हा वर आला. कुऱ्हाड असती तर घसरला नसता असं ते म्हणाले. मी विचारलं म्हणून म्हणाले. ती माणसं भली आहेत, आपणहून बोलली नसती. सहाच्या सुमारास वर पोचला असावा. आमच्या चुलीचा धूर तिथून दिसतो. मी चहा घेऊन येईन म्हणून तो थांबला.

साडेसहाला मी त्याला दुर्बिणीतून दहा मिनिटं पाहिलं, बॉइड. आणि हरीण म्हणून लिहिलं.

हेक्टर म्हणतो, "पत्र आलं असतं तर तू गेली असतीस. दोष पात्याचा आहे, कागदावर हिवाळा संपवणाऱ्यांचा आहे." तो रोज येतो आणि रोज हेच म्हणतो. त्याचं खरं आहे. पण पोलिसांनी निवाऱ्याच्या झोपडीतली वही आणून दाखवली. येणारा-जाणारा तिच्यात नाव आणि वाट लिहितो, तुम्हाला माहीत असेल. लॉर्ननं लिहिलं होतं, ते तसंच उतरवते:

"३ मे, दुपारी सव्वा. गिरणीहून आर्कीकडे. एकटा. दारापासूनच बर्फ मांडीपर्यंत आहे, परत फिरायचा विचार होता. पण बहिणीची नोंद आहे, खिंड मोकळी. तिची नोंद चुकत नाही. जातो."

त्याचा माझ्यावर विश्वास होता, एवढंच यात दिसतं, असं कुणी म्हणेल. मी ते वाक्य दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेनं वाचून पाहिलं. ते तसंच राहतं.

त्याची गाडी तुम्ही घेऊन जा. तिला पुसू नका, निदान लगेच नको.

त्याच्या पिशवीत चार मोज्यांत गुंडाळलेला एक थर्मामीटर होता, कमाल-किमान दोन्ही दाखवणारा. एवढ्या पडण्यात काच शाबूत राहिली. तो मी उत्तरेच्या भिंतीवर लावला. आज सकाळी नऊची नोंद: किमान एक, कमाल चौदा. दक्षिणेचा वारा. कोकिळा ऐकली. खिंड: मला दिसते तेवढी बाजू मोकळी.

ऊना